दोन्ही कोपऱ्यांची विजयमाला

कबड्डी बघायला जमलेली गर्दी चढाई बघते. टाळ्या चढाई करणाऱ्या पोरीला, शिट्ट्या तिला, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोही तिचाच. मागे कोपऱ्यात गुडघे वाकवून जी उभी असते तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि गेलंच तर तिच्या हातून पकड सुटल्यावर जातं. विजयमालाला या गोष्टीचा फार राग होता. सामना जिंकतो तो बचाव, चढाई नुसती मिरवते, असं तिचं ठाम मत. हे मत तिनं कॉलर लावता लावता शेजारच्या मशिनवरच्या शिवबाईला इतक्यांदा ऐकवलं होतं, की शिवबाई आता ‘व्हय बाई, बचावच’ असं म्हणून विषय मिटवून टाकायची.

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ. त्यातल्या एकात विजयमाला कामाला होती. चाळिशी ओलांडलेली, अंगानं काटक, खांदे मात्र बाईमाणसाला शोभू नयेत इतके रुंद. हे सासूचं म्हणणं. त्या खांद्यांचा सासूला शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. नवरा प्रभु टेम्पोवर होता, टेंभुर्णीच्या खेपा करायचा. भला माणूस, पण कुणाच्या अध्यात मध्यात पडायचं नाही हे त्यानं आयुष्यभर नेमानं पाळलं. सात रस्त्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, वर सामाईक गच्ची आणि पदरात एकच मुलगी, अपेक्षा.

माहेर सांगोल्याच्या बाजूला, माळावर. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. मेंढरू धरायची एक रीत असते. समोरून गेलात तर ते उसळी मारून निघून जातं, पाठीला हात घातलात तर नुसती लोकर मुठीत येते. धरायचं ते मागच्या पायाला, खुराच्या जरा वर. औषध पाजायचं असो, लोकर कातरायची असो, लंगडणारं जनावर बाजूला काढायचं असो, रीत एकच. वाकायचं, नजर जमिनीवर ठेवायची, पहिला पाय टप्प्यात आला की झडप घालायची आणि मग काही झालं तरी सोडायचं नाही. दुसऱ्या पायाची वाट बघत बसणाऱ्याला मेंढरू सापडत नाही. विजयमाला आणि तिचा धाकटा भाऊ बिरप्पा, दोघंही चालायला लागल्यापासून हे करत आलेली. त्यामुळे शाळेत मुलींची कबड्डी सुरू झाली तेव्हा डाव्या कोपऱ्यात कुणाला उभं करायचं हा प्रश्न मास्तरांना पडलाच नाही. समोरच्या पोरीनं पाय पुढे केला रे केला, की तो पाय कवटाळून विजयमाला खाली बसलेली असायची.

तिची जिल्ह्याच्या संघात निवड झाली आणि त्याच आठवड्यात तिची सुपारी फुटली. चड्डी घालून चारचौघांत मातीत लोळणारी पोर उद्या कुणी करून घेणार नाही, असं वडिलांचं म्हणणं. आई म्हाळसाबाईनं त्याला होकारार्थी मान हलवली. पोर कशी गपगुमान बोहल्यावर चढली, हे भावकीत अजूनही कौतुकानं सांगतात. धादांत खोटं आहे. ती रडली, भांडली, अन्नाला शिवली नाही. पण ऐकणारंच कुणी नसलं की आरडाओरडाही गपगुमानच म्हणायचा. जिल्ह्याचा संघ राज्याच्या स्पर्धेला गेला तेव्हा तिच्या जागी दुसरीच कुणीतरी उभी होती, आणि विजयमाला सोलापुरात नव्या सासूला चहात साखर किती लागते ते शिकत होती.

पुढे अपेक्षा झाली. ती पायावर उभी राहिल्यावर विजयमालानं गच्चीवर जुन्या गाद्या अंथरल्या. बिरप्पाची पोर पिंकी अपेक्षाच्याच वयाची. दर उन्हाळ्यात ती आत्याकडे राहायला यायची. विजयमालानं दोघींना एकच पकड शिकवली, कारण तिला एकच येत होती. पिंकी डाव्या कोपऱ्यात, अपेक्षा उजव्या. पदर खोचून विजयमाला स्वतः चढाईला जायची, आणि दोघी दोन्हीकडून तिचे पाय धरून तिला धाडकन आडवी करायच्या. खालच्या मजल्यावरची माणसं भांडायला वर यायची. आयुष्यात सुखाचे दिवस कुठले असं तिला कुणी विचारलं असतं, तर तिनं हेच सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

पोरी मोठ्या झाल्या. अपेक्षा शहरातल्या नवतारा मंडळात खेळू लागली. तिथे कुमार सरांनी तिच्यात उतरलेली आईची ती मेंढरं धरायची खोड मोडून काढायला दोन वर्षं घालवली. पहिल्या पायावर झेपावायचं नाही, तो खोटा असू शकतो, हे तिच्या अंगात मुरवलं. तिकडे बिरप्पानं गावातल्या पोरींचा बिरोबा संघ उभा केला. त्याला नावं ठेवायला जागा नाही. बहिणीचा खेळ सुटला त्याची बोच त्याच्या मनात कुठंतरी असणारच. पण त्याच्या संघात पिंकीची खोड मोडणारं कुणी नव्हतं. मोडायची काय गरज? त्या खोडीच्याच जोरावर तिनं तालुका जिंकला होता.

आणि त्या वर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. जिंकेल तो राज्याला जाणार.

बिरप्पाचा फोन आला तेव्हा विजयमाला कारखान्यातून घरी निघाली होती.

“आक्का, आपल्या दोन्ही पोरी फायनलला! बिरोबानं मनावर घेतलंय बघ.”

“व्हय की,” ती म्हणाली. आनंद तिलाही झाला होता, नाही असं नाही.

“बरं, मग आता सांग. नवताराचा बचाव कसा हाय? कुठनं फुटतोय?”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“तुला न्हाय कळत? माज्यासंगं खोटं बोलतीस व्हय, आक्का?” बिरप्पा हसला. मग त्याचा आवाज जरा खाली आला. “हे बघ, पिंकीला टेंभुर्णीचं स्थळ आलंय. हायवेला हाटेल हाय त्येंचं. पोरगी पसंत हाय. मी पिंकीला शब्द दिलाय. राज्याला गेलीस तर वरीसभर लग्नाचं नाव काडणार न्हाय. न्हाय गेलीस तर दिवाळी झाली की उरकायचं.”

“शिकतीया की रं ती अजून.”

“तू बी शिकतच हुतीस की,” बिरप्पा म्हणाला.

तो हे कुचकटपणानं म्हणाला नाही. जे असतं ते असं असतं, इतकंच त्याला म्हणायचं होतं. म्हणूनच ते तिला जास्त लागलं. ‘दोन्ही संघ सारकंच हायती’ असं काहीतरी पुटपुटून तिनं फोन ठेवला.

तेव्हापासून तिला चैन पडेना. अपेक्षा मागच्या वर्षी अंतिम सामना हरली होती. हरून आल्यावर ती उशीत तोंड खुपसून पडली होती, ते विजयमालानं पाहिलं होतं. या वर्षी पोरगी जीव तोडून खेळत होती. पण अपेक्षाला पुढचं वर्ष होतं, त्याच्या पुढचंही होतं. तिला कुणी टेंभुर्णीला पाठवणार नव्हतं. पिंकीला एवढा एकच सामना. पोटच्या पोरीनं हरावं असं कुठल्या आईला वाटेल? आणि भाचीचं आपल्यासारखं व्हावं असं तरी कुणाला वाटेल? सासूच्या तावडीतून सुटायचे उपाय बायकांना ठाऊक असतात, नवऱ्याच्या रागातून सुटायचेही असतात. या कात्रीतून सुटायचा उपाय तिला कुणी सांगितलेला नव्हता. सामन्याच्या दिवशी कामाला जावं आणि तिकडे फिरकूच नये, असं तिनं ठरवून टाकलं.

पण कुमार सरांची एक पद्धत होती. मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी सराव लवकर आटपायचा, पोरींना गोल करून बसवायचं आणि दोन्ही संघांच्या बचावाची तुलना करायची. आपला कसा, त्यांचा कसा, कोण कुठं उघडं पडतं. या वेळी त्यांनी मुद्दाम निरोप धाडला, की अपेक्षाच्या आईनं यावं, त्यांच्याइतकं या दोन संघांतलं कुणाला कळत नाही. विजयमालाला इतक्या मानानं आजवर कुणी कुठं बोलावलं नव्हतं. नाही म्हणायचं धैर्य तिला झालं नाही, आणि खरं सांगायचं तर तिला जावंसंही वाटलं.

ती जाऊन गोलात बसली. सगळ्या पोरी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. कुमार सर वाईट माणूस असते तर सोपं झालं असतं. पण ते सरळ होते, आदरानं बोलत होते.

“काकू, आधी आमचं सांगा. जे दिसतं ते बोला, राग मानणार नाही कुणी.”

“तुमच्या पोरी हात धरून साखळीनं खेळतात,” विजयमाला म्हणाली. सुरुवातीला चाचरत, पण मग तिची गाडी लागली. “साखळी चांगली हाय. शिवणीसारखी. सगळे टाके धरून हायत तोवर फाटत न्हाय. पण एकीनं हात सोडला की पार टोकापर्यंत उसवती. तुमच्या मधल्या पोरी दमल्या की हात सोडतात. शेवटच्या पाच मिनिटांत बघा.”

मधल्या दोन पोरींनी माना खाली घातल्या. कुमार सर हसले. “आणि त्यांचा?”

“त्यांच्यात साखळीच न्हाय. प्रत्येक पोरगी सुटी. पण एकीनं धरलं की बाकीच्या अंगावर अशा येऊन पडतात की समोरचीला श्वास घेता येत न्हाय. तुमच्या पोरी एकमेकींची वाट बघतात. त्या कुणाची वाट बघत न्हाईत.”

बोलताना तिला विसर पडला होता. किती वर्षांनी कुणीतरी तिला बचावाबद्दल विचारत होतं, आणि शिवबाईसारखं मिटवून न टाकता ऐकत होतं. चेहरा फुलला होता तिचा. आणि नेमकं तेव्हाच सरांनी विचारलं, “त्यांचा डावा कोपरा?”

विजयमालानं नजर मैदानाकडे वळवली.

“चांगली हाय पोरगी,” ती शेवटी म्हणाली.

“चांगली आहेच. मी मोबाईलवर त्यांचे सामने पाहिले. ती दर वेळी पहिल्याच पायावर झेपावते. एकदाही थांबत नाही. बरोबर ना काकू? का कधी थांबते?”

पिंकी थांबत नव्हती. कधीच नाही. ‘थांबते की’ एवढे दोन शब्द विजयमाला बोलली असती तर सरांचा बेत तिथंच फिसकटला असता.

“आई, सांग ना,” अपेक्षा म्हणाली. “तूच तर शिकवलंयस तिला.”

अपेक्षाचे डोळे तिच्यावर रोखलेले होते. त्या डोळ्यांत लबाडी नव्हती, नुसता भरवसा होता. आपली आई आपल्या बाजूची आहे, यात त्या पोरीला शंकाच नव्हती. विजयमालानं मान हलवली. बरोबर, या अर्थी.

“मग झालं,” कुमार सर पोरींकडे वळले. “बोनस रेषेकडे पहिला पाय नुसता दाखवायचा. भार मागच्या पायावर. ती झेपावली की पाय मागे घ्यायचा, खाली पडलेल्या तिच्या पाठीला हात लावायचा आणि परत यायचं. तो कोपरा आपला.”

बोनस रेषा मागच्या बाजूला असते. तिच्यापलीकडे पाय टेकवून सुखरूप परत आलं की चढाईवालीला एक गुण मिळतो, आणि त्या पायाला धरणं हे कोपऱ्याचं काम. म्हणजे सरांनी पिंकीच्या हुकमी पकडीचाच तिच्यासाठी सापळा केला होता. साधा, चोख बेत. विजयमालाला स्वतःला सुचला असता तर तिनं अभिमानानं सांगितला असता.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना तिनं प्रभुला सगळं सांगितलं. तो जेवत होता. “सरांना आधीच ठाऊक होतं की,” तो म्हणाला. “तू मान हलवलीस काय आणि न हलवलीस काय. कशाला जिवाला लावून घेतीस?”

त्याचं खरं होतं, पण त्यानं तिचं समाधान झालं नाही. आपल्या लग्नाला आईनं अशीच नुसती मान हलवली होती, हे तिच्या मनात आलं आणि मग ते मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. कबड्डीचं मैदान एका शाळेचं होतं. दुपार कलती होत असताना बिरप्पाच्या जीपमधून गावच्या पोरी आल्या. पिंकी उतरली ती धावतच आत्याकडे आली, हातात कंगवा.

“आत्या, येणी घाल. तुज्यासारकी घट्ट कुणाला येत न्हाय.”

शाळेच्या एका वर्गात पोरी कपडे बदलत होत्या. बाकावर पिंकी बसली, तिच्यामागे विजयमाला. केस दाट, उन्हानं भुरकट झालेले. विजयमाला पेड घालत होती. शेजारी कुणी नाही हे बघून तिनं तोंड पिंकीच्या कानाशी नेलं.

“पिंके, आज पहिला पाय सोड.”

“आं?”

“पहिला पाय खोटा असणार हाय. तुला दाखवायला टाकतील. तू जागची हलू नगंस. दुसरा पाय टेकला की मग धर.”

पिंकीनं मान वळवून बघितलं. “तुला कसं ठावं?”

विजयमालानं तिची मान पुन्हा पुढे वळवली. “आत्या हाय न्हवं मी तुजी? ऐक माजं.”

“तसं मी कवा धरलंच न्हाय की, आत्या.”

“आज धर.”

पिंकीनं होकार दिला. आत्यानं आजवर जे सांगितलं ते कधी चुकलं नव्हतं. विजयमालानं वेणी वर वळवून पिना खोचल्या. मान वर केली तर दारात अपेक्षा उभी होती, पाण्याची बाटली घेऊन. तिनं काही ऐकलं नव्हतं, फक्त बघितलं होतं. ती आत आली, पिंकीच्या पाठीत हसत एक गुद्दा घातला, पिंकीनं तिला चिमटा काढला आणि दोघी आपापल्या संघाकडे निघून गेल्या.

विजयमालाला एकदम हलकं वाटलं. तिच्या मनानं हिशोब असा लावला, की आता दोघींना सारखं मिळालं. सरांना खरं तेच सांगितलं आणि पिंकीलाही खरं तेच सांगितलं, कुणाशीही बेइमानी केली नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभं राहिलेल्या माणसाला घटकाभर असंच वाटतं, की आपण भक्कम उभे आहोत.

ती बसायला गेली तर एका बाजूनं बिरप्पा हात करत होता, “आक्का, हिकडं ये”, आणि दुसरीकडे नवताराच्या पोरींच्या आया सरकून जागा देत होत्या. ती कुणाकडेच गेली नाही. दोरीपाशी, मध्यरेषेच्या बरोबर समोर, उन्हात उभी राहिली.

सामना सुरू झाला. नवताराची चढाईवाली डाव्या कोपऱ्याकडे गेली, पाय पुढे केला. पिंकी हलली नाही. चढाईवाली गोंधळली, खरा पाय टाकायला गेली, आणि पिंकीनं तो धरला. गावच्या पोरी वरून कोसळल्या. बिरप्पानं टोपी उडवली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. पिंकीच्या हातात नवी पकड इतकी सहज आली होती, की विजयमालाचे डोळे भरून आले. आपल्याला ही कुणी शिकवली असती तर, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

कुमार सर कपाळाला आठ्या घालून नशिबाला शिव्या देत होते. त्यांना काही उलगडत नव्हतं. अपेक्षाला उलगडलं. उजव्या कोपऱ्यात वाकून उभ्या असलेल्या अपेक्षानं एकदा वळून आईकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. विजयमालाची मान आपोआप खाली गेली, आणि खाली गेल्यावर तिच्या लक्षात आलं की ती खाली जायला नको होती.

मध्यंतरानंतर नवताराची साखळी घट्ट झाली. मधल्या पोरींनी कालचं मनावर घेतलं होतं. दमल्या, पण हात सोडले नाहीत. गुणांचा फरक कमी होत होत बरोबरीवर आला. शेवटची चढाई उरली, ती नवताराची. चढाया करणाऱ्या त्यांच्या पोरी एक एक करून बाद होऊन बाहेर बसलेल्या. सर कुणाला पाठवावं याचा विचार करत होते, तोच अपेक्षानं हात वर केला. “मी जाते.”

ती कबड्डी, कबड्डी म्हणत मध्यरेषा ओलांडून गेली. समोर सहाजणी उभ्या होत्या, म्हणजे बोनस मिळू शकत होता. अपेक्षा सरळ डाव्या कोपऱ्याकडे चालली. गच्चीवरच्या गाद्यांवर ज्या दोघींनी मिळून विजयमालाला पाडलं होतं, त्या आता समोरासमोर होत्या. पिंकी वाकली. तिचे हात मोकळे, नजर जमिनीवर. अपेक्षानं पाय पुढे टाकला.

पिंकी थांबली. आत्यानं सांगितलं होतं तशी, शहाण्यासारखी थांबली.

तो पाय खरा होता. सगळा भार घालून अपेक्षानं तो बोनस रेषेपलीकडे टेकवला होता, पिंकीच्या हातापासून वीतभर अंतरावर. दुसरा पाय आलाच नाही. पिंकीला कळेपर्यंत अपेक्षा वळून मध्यरेषेकडे धावत सुटली होती. पंचांनी हात वर केला. एक गुण, आणि शिट्टी.

नवताराच्या पोरी मैदानात घुसल्या. अपेक्षा त्यांच्यातून वाट काढत आईकडे आली आणि घामेजल्या अंगानं तिच्या गळ्यात पडली.

“तू तिला सांगितलंस ना?” ती आईच्या कानात म्हणाली. आवाजात राग नव्हता. “येणी घालताना. मला पहिल्या अर्ध्यातच कळलं, आई. ती कधी थांबत नाही, आज थांबत होती. म्हणून मी पहिलाच पाय खरा टाकला.” ती हसली, दमलेली, खुशीत. “तू सांगितलं नसतंस ना, तर तिनं मला धरलीच असती.”

पोरींनी तिला ओढून नेलं. विजयमाला दोरी धरून उभी राहिली. पिंकी समोरून येत होती, कोपर सोलवटलेलं, डोळे कोरडे.

“आत्या, तू पहिला पाय सोड म्हणालीस,” पिंकी म्हणाली. “अपेक्षानं पहिलाच टाकला.”

“पिंके, बिरोबाची आण घेऊन सांगते, मी तुज्यासाटीच...”

“असू दे की. तुजी पोरगी हाय ती.”

पिंकीनं हे समजुतीनं म्हटलं. आत्यानं आपल्याला फसवलं, पण आई म्हटल्यावर चालायचंच, अशी तिची समजूत झाली होती. विजयमाला आता जे बोलेल ते लबाडीसारखंच ऐकू आलं असतं. आदल्या दिवशी सरांसमोर मान हलवली, हे कबूल केलं असतं तर काय सुटणार होतं? पिंकीनं वाकून तिच्या पायाला हात लावला. “लगनाला चार दिस आदी ये. अपेक्षाला बी आण,” ती म्हणाली आणि जीपकडे चालू लागली.

विजयमाला तिच्यामागे धावली. बिरप्पा जीपपाशी टोपी हातात घेऊन उभा होता. जे ती स्वतःसाठी आरडाओरडा करून मागून थकली होती, ते तिनं आता हात जोडून मागितलं. “बिरप्पा, वरीसभर थांब. एवढं एक ऐक माजं. पोरगी कशी खेळली बघितलंस न्हवं? तिला...”

“शब्द म्हंजी शब्द, आक्का,” बिरप्पा म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. “पण तू मोठी हायस. तू म्हणतीस तर इचार करतो की. पिंके, आत्या काय म्हणतीया बघ. तुजं काय म्हणणं?”

विजयमालाला आशा वाटली. एवढंसं दार उघडलं होतं. पिंकीनं फक्त हो म्हणायचं होतं. पिंकी जीपमध्ये चढून बसली होती. तिनं आत्याकडे बघितलं नाही.

“नगं, दादा,” ती म्हणाली. “आत्या, तू आता माज्यासाटी काय बी सांगू नगंस.”

बिरप्पानं मान हलवली, जीप सुरू केली आणि ती फाटकातून बाहेर पडली. मागे मैदानावर अपेक्षा आईला हाका मारत होती, कारण सगळ्या पोरींना काकूंबरोबर फोटो हवा होता. विजयमालानं तोंड पुसलं आणि जाऊन त्यांच्या मधोमध उभी राहिली.